चार वर्षांची शिपाईगिरी

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, भोकरदन, मंठा या तालुक्यांत पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यांवर धावणारी मुले दिसतात. सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत कापण्याची ती धडपड असते. या धावण्यामागे देशप्रेम नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु केवळ देशप्रेमच आहे असे म्हणणे ही आत्मवंचना होईल.

या मातीला शिपाईगिरी नवी नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यातील आसई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, तेव्हा वेलस्लीच्या बाजूने लढणारांतही मोठा भरणा मद्रासकडील देशी शिपायांचा होता. निशाण कोणाचेही असो, शिपायाला रणांगणावर आणणाऱ्या कारणांत पोट हे नेहमीच एक मोठे कारण राहिले आहे.

कोरडवाहू शेती, २०१२-१३च्या दुष्काळात डोळ्यांदेखत वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा आणि शहरातील लोखंडाच्या कारखान्यांतील कष्टाचे काम एवढेच ज्याच्यासमोर आहे, त्या अठरा वर्षांच्या मुलाला सैन्याची ओढ वाटली तर नवल नाही. तेथे नियमित पगार आहे, पोटभर अन्न आहे, औषधोपचार आहे, गावात मान आहे. पूर्वीच्या भरतीत पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतनाचा हक्कही होता. एका शिपायाच्या पगारावर बहिणीचे लग्न आणि भावाचे शिक्षण पार पडलेली घरे खेडोपाडी आहेत.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने मात्र हा हिशेबच बदलला. योजनेच्या मूळ अटींनुसार सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार रुपये, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीसाठी कापली जाते, सरकार तेवढीच भर घालते आणि अखेरीस सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हाती पडतात. कायम होणार ते २५ टक्क्यांपर्यंत. उरलेल्यांना ना निवृत्तिवेतन, ना ग्रॅच्युइटी. निमलष्करी दलांत राखीव जागांची घोषणा झाली खरी. परंतु राखीव जागा म्हणजे हातातील नोकरी नव्हे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका तरुण अग्निवीराला सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू आला. अशा कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, सानुग्रह अनुदान आणि इतर रकमा मिळतात. कायम जवानाच्या विधवेला वा आईवडिलांना मिळणारे आयुष्यभराचे निवृत्तिवेतन मिळत नाही. एकाच बर्फात उभ्या असलेल्या दोन जवानांच्या प्राणांची किंमत दोन प्रकारांनी मोजणे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून सैन्यात जाऊ नये काय? असा सल्ला देण्याचा अधिकार ज्याने त्या मुलाला दुसरे काम दिले नाही, त्या समाजाला नाही. जाणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवून जावे. सेवेत असतानाच पुढील शिक्षणाची सोय पाहावी आणि घरच्यांनी सेवानिधीच्या भरवशावर आधीच कर्ज काढू नये.

खरा प्रश्न शासनाला विचारावयाचा आहे. कारखान्यातील कंत्राटी पद्धत सीमेवर नेल्याने खर्च वाचेल; पण बाविसाव्या वर्षी परतलेल्या जवानाने कोठे जावयाचे? निवड ही निवड तेव्हाच ठरते, जेव्हा घरी राहण्याचा मार्गही खुला असतो. जालन्याच्या मुलाला गावात पाणी आणि काम मिळावे, आणि त्यानंतरही तो स्वेच्छेने सैन्यात गेला तर त्याला पूर्ण हक्कांचा जवान मानले जावे, ही मागणी देशप्रेमाच्या विरोधी नाही. देशप्रेमाचा तो पहिला अर्थ आहे.