वजन उचलून झालं, आता खायचं काय? पोलीस भरती, प्रोटीनचा डबा आणि घरचं ताट

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. तेव्हापासून कोरपना, जिवती, राजुरा या भागात पहाटे मैदानावर आणि संध्याकाळी जिममध्ये येणाऱ्या मुला-मुलींची संख्या वाढलेली दिसते. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यात धावण्यासोबत गोळाफेकही असते आणि मुलांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. म्हणून आता नुसतं धावून भागत नाही, मुलं वजनही उचलू लागली आहेत.

त्यासोबत दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो. मुलगा विचारतो, "डॉक्टर, व्यायाम झाल्यावर कोणता डबा घेऊ?" आणि सोबत आलेले वडील विचारतात, "याने किडनी तर खराब होणार नाही ना?" डब्याची किंमत ऐकली की वडिलांच्या काळजीचं दुसरं कारणही कळतं. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात महिन्याला अडीच-तीन हजार रुपये ही लहान रक्कम नाही.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो.

थोडक्यात

- वजन उचलल्यानंतर एक-दोन तासांत नेहमीचं, प्रोटीन असलेलं जेवण केलं तर पुरेसं आहे. "अर्ध्या तासात घेतलं नाही तर व्यायाम वाया" हे खरं नाही.
- दिवसभरात एकूण किती प्रोटीन पोटात गेलं, हे जास्त महत्त्वाचं.
- ते प्रोटीन डाळ, फुटाणे, अंडी, दूध, शेंगदाणे आणि सोयाबीन यांतून मिळू शकतं. बहुतेक मुलांना डब्याची गरज नसते.
- किडनीचा आजार, सिकलसेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजन उचलल्यावर शरीरात काय होतं?

जड वजन उचलताना स्नायूंच्या धाग्यांवर ताण येतो आणि काही ठिकाणी त्यांची सूक्ष्म झीज होते. नंतर शरीर ती दुरुस्त करतं आणि दुरुस्ती करताना स्नायू थोडा अधिक बळकट होतो. या कामाला प्रोटीन म्हणजे प्रथिनं लागतात. हे काम व्यायामानंतर साधारण २४ तास किंवा त्याहून जास्त काळ चालू असतं. म्हणून घाईघाईने काहीतरी पिण्यापेक्षा दिवसभराची तीन-चार खाणी नीट असणं उपयोगाचं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्नायूंमध्ये साठवलेली साखर व्यायामात खर्च होते. ती भरून काढायला भात, भाकर, पोळी, पोहे, केळं, गूळ हे लागतं. "बॉडी बनवायची म्हणून भात बंद" असं अनेक मुलं करतात. भरतीच्या तयारीत सकाळी धावायचं आणि संध्याकाळी वजन उचलायचं असेल तर भात-भाकर बंद करणं म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी चालवणं. प्रोटीन पुरेसं असूनही मुलगा थकलेला राहतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

प्रोटीन किती लागतं?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार साधारण निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम.

नियमित वजन उचलणाऱ्याला जास्त लागतं. दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ७२ ते ९६ ग्रॅम धरून चालायला हरकत नाही. याच संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात म्हटलं आहे की दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन घेऊन स्नायू आणखी वाढत नाहीत. जिममध्ये कुणी किलोमागे तीन ग्रॅम सांगत असेल तर तो खर्च आणि पोटाचा त्रास दोन्ही वाढवतो.

एका वेळी २० ग्रॅमच्या आसपास, असं दिवसातून तीन-चार वेळा मिळालं तर उत्तम.

आपल्या ताटात किती प्रोटीन असतं?

हे आकडे ढोबळ आहेत, पण हिशेब करायला पुरतात.

- एक अंडं: ६ ग्रॅम
- एक मोठा पेला दूध (२५० मिली): ८ ग्रॅम
- एक मूठभरून थोडे जास्त फुटाणे (५० ग्रॅम): ९ ते १० ग्रॅम
- एक लहान मूठ शेंगदाणे (३० ग्रॅम): ७ ग्रॅम
- वाटीभर घट्ट तुरीचं वरण (४० ग्रॅम कोरडी डाळ): ८ ते ९ ग्रॅम
- ज्वारीच्या दोन भाकरी (१०० ग्रॅम पीठ): सुमारे १० ग्रॅम
- सोयाबीन वडी (४० ग्रॅम कोरडी): सुमारे २० ग्रॅम
- चिकन किंवा मासे (१०० ग्रॅम कच्चे): १८ ते २० ग्रॅम

यात "घट्ट वरण" हा शब्द लक्षात ठेवा. वरून पाणी आणि तळाला डाळ असं पातळ वरण दोन वाट्या प्यायलं तरी प्रोटीन फारसं मिळत नाही. मुलाला ताकद हवी असेल तर वरण घट्ट करा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

एका दिवसाचं उदाहरण

६० किलोचा, शाकाहारी मुलगा. सकाळी धावतो, संध्याकाळी सहाला वजन उचलतो.

- पहाटे निघताना: एक केळं किंवा गुळाचा खडा, पाणी.
- मैदानावरून आल्यावर: ५० ग्रॅम फुटाणे आणि एक पेला दूध. (सुमारे १८ ग्रॅम)
- दुपारी: दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी. (१८ ते १९ ग्रॅम)
- चार वाजता: शेंगदाणे आणि गूळ. (७ ग्रॅम)
- वजन उचलून आल्यावर, रात्रीच्या जेवणात: भात, एक पोळी, सोयाबीन वडीची भाजी, वाटीभर दही. (३० ते ३५ ग्रॅम)

एकूण ७५ ते ८० ग्रॅम झाले, तेही एकही डबा न उघडता. अंडी चालत असतील तर दोन उकडलेल्या अंड्यांनी हा आकडा ९० पर्यंत जातो. जेवायला उशीर होणार असेल तर जिममधून निघताना फुटाणे आणि केळं खा, मग घरी जेवा.

आवारपूर, गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यात पाळीने काम करणारे अनेकजणही व्यायाम करतात. रात्रपाळी करून आल्यावर वजन उचलायचं आणि उपाशीच झोपायचं, असं करू नका. वरण-भात किंवा अंडा-पोळी खा, मग झोपा. झोप सात-आठ तास झाली नाही तर स्नायूंची दुरुस्ती नीट होत नाही आणि हे नुकसान कोणत्याही खाण्याने भरून निघत नाही.

शेतातलं सोयाबीन आणि दुकानातला डबा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. म्हणजे किलोला ५३ रुपये, आणि बाजारात तेवढाही भाव अनेकदा मिळत नाही. सोयाबीनच्या एका किलोत साधारण ३६० ग्रॅम प्रोटीन असतं. दुसरीकडे एक किलोच्या डब्यात ७०० ते ८०० ग्रॅम प्रोटीन असल्याचं लिहिलेलं असतं आणि त्याची किंमत अडीच-तीन हजार असते. हिशेब केला तर डब्यातलं प्रोटीन वीसपटीहून महाग पडतं. शेतकरी सोयाबीन पडत्या भावात विकतो आणि त्याच पैशातून मुलासाठी डबा आणतो, हे चित्र आपल्या तालुक्यात नवं नाही.

घरचं सोयाबीन जरूर खा, पण ही काळजी घ्या:

- कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाऊ नका. त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि कुकरमध्ये मऊ शिजवा.
- पिठात मिसळायचं असेल तर आधी २० ते २५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, उन्हात कडक वाळवा, मग नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन या प्रमाणात दळा.
- पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही खाऊ नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. धुऊनही ते सुरक्षित होत नाही.
- थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर ठेवा.

"सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन कमी होतात" ही भीती मुलांमध्ये फार आहे. जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात तसं होत नाही.

मग डबा वाईटच का?

व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलंच प्रोटीन वेगळं काढून केलेली पावडर. ते विष नाही आणि जादूही नाही. प्रश्न दोन आहेत. पहिला, डब्यात नेमकं काय आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी २०२४ मध्ये 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींमध्ये लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून तयार होणारं विष आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले.

दुसरा प्रश्न किडनीचा. निरोगी किडनी असलेल्या माणसाला १.६ ग्रॅमपर्यंतच्या प्रोटीनने त्रास होतो असं दिसलेलं नाही. पण ज्याची किडनी आधीच कमजोर आहे, त्याला जास्त प्रोटीनने नुकसान होतं, आणि किडनीचा आजार सुरुवातीला जाणवत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी असाच सल्ला दिला आहे. तरीही घ्यायचीच असेल तर आधी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करा, सीलबंद डबा बिलासह घ्या, त्यावर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहा. सुटी पावडर किंवा जिममध्ये पुडीत मिळणारी पावडर घेऊ नका. रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी जड व्यायाम टाळा आणि काही पावडर चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्याने काही आकडे वाढलेले दिसू शकतात.

इंजेक्शनपासून दूर राहा

भरती जवळ आली की कुणीतरी "एक सुई घे, दम लागणार नाही" असं सांगतो. यात बऱ्याचदा मेफेंटरमाइन असतं. भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठीचं हे औषध आहे. राज्यात त्याच्या बेकायदा विक्रीवर वेळोवेळी कारवाया झाल्या आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, रक्तदाब एकदम वाढतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि सवय लागते. स्टेरॉइडच्या सुयांनी यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता यांवर परिणाम होतो. एकच सुई अनेकांनी वापरली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका आहे. पालकांनो, मुलाचा स्वभाव अचानक चिडका झाला, झोप उडाली, दंडावर-मांडीवर सुयांच्या खुणा दिसल्या तर रागावण्याआधी त्याच्याशी बोला आणि त्याला दवाखान्यात आणा.

पाणी, ऊन आणि सिकलसेल

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी हळूहळू प्या. घाम खूप गेला असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक घ्या.

आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यात तपासणी मोफत होते. जे वाहक आहेत (रिपोर्टवर 'एएस' असतं) ते व्यायाम करू शकतात. पण पाणी न पिता, भर उन्हात, किंवा मोठ्या खंडानंतर एकदम जोर लावला तर त्यांच्यात स्नायू झपाट्याने तुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. भरतीची तयारी सुरू करण्याआधी ही एक तपासणी करून घ्या. वाहक असाल तर व्यायाम हळूहळू वाढवा आणि मध्ये विश्रांती घ्या. सिकलसेलचे रुग्ण (एसएस) असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजन उचलू नका.

लगेच रुग्णालयात कधी जायचं?

- व्यायामानंतर लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली
- स्नायू कडक होऊन सुजले, हात-पाय हलवता येत नाहीत इतकं दुखतं
- छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, ठोके अनियमित झाले
- उन्हात व्यायाम करताना बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं

यातलं पहिलं लक्षण मुलं लपवतात किंवा "गरमी झाली" म्हणून सोडून देतात. तुटलेल्या स्नायूंतले घटक लघवीत उतरल्याने तो रंग येतो आणि तेच घटक किडनीला इजा करतात. वेळेत सलाईन मिळालं तर किडनी बहुतेक वेळा वाचते. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते.

डब्यासाठी पैसे बाजूला काढलेच असतील तर आधी हे करा: सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी, दर आठवड्याला दोन डझन अंडी किंवा रोज अर्धा लिटर दूध, आणि महिन्याला एक-दीड किलो सोयाबीन वडी. तीन महिने असं खाऊन, नीट झोपून, नियमित वजन उचललं तरी ताकद वाढत नसेल, तर भेटा. मग नेमकी अडचण कुठे आहे ते तपासू.