खुंटीवरचे गमबूट

श्रावणाच्या झडीत वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. ओसरीच्या भिंतीवर खुंटीला गमबुटांची जोडी टांगलेली होती. जवळजवळ नवी. घरधनी मात्र अनवाणीच वावरातून आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. "बूट घालत नाही का?" असे सहज विचारले. "घातले होते न साहेब. दोन तासं चाललो अन् गायात फसले. पाय बाहीर, बूट अंदर!" घरातले सगळे हसले. चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "निंदाले बसलं का गुडघ्याखाली कातरते. अन् बाईच्या मापाचा तं भेटतच नाही."

हसण्यावारी गेलेल्या या दोन वाक्यांत एका मोठ्या आरोग्यप्रश्नाचे मूळ आहे. शेतकरी बूट घालत नाहीत, हातमोजे घालत नाहीत, मास्क लावत नाहीत. 'त्यांच्यात जागृती नाही', असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. जी संरक्षक वस्तू घालून काम करताच येत नाही, ती वस्तूच सदोष आहे. दोष पायाचा नाही, बुटाचा आहे.

आधी धोका किती मोठा आहे ते पाहू. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज 'मिलियन डेथ स्टडी' या मोठ्या अभ्यासातून पुढे आला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. म्हणजे नेमका डवरणीचा, निंदणाचा आणि फवारणीचा हंगाम. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप यातल्या बहुसंख्य मृत्यूंना जबाबदार असतात आणि शेतात काम करताना दंश होतो तो बहुतेक वेळा पायाला. रब्बीत हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याची स्थिती तर आणखी बिकट. अंधारात धुऱ्यावर पाय कुठे पडतो ते दिसतच नाही.

दुसरा धोका विषारी औषधांचा. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर संरक्षक किट वाटले गेले, शिबिरे झाली. पण पाठीवर भरलेला पंप, डोक्यावर ऊन आणि खाली काळी माती अशा स्थितीत ते साहित्य अंगावर किती वेळ टिकते, हे शेतात उभे राहून कोणी पाहिले?

काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. ओली झाली की ती फुगते, चिकटते आणि बुटाला धरून ठेवते. सैल गमबूट पाय उचलताना मागेच राहतो. घट्ट घेतला तर आत हवा खेळत नाही. घाम साचतो, कातडी पांढरी पडून सोलते, चिखल्या होतात. गुडघ्यापर्यंतचा ताठ बूट उभ्याने काम करणाऱ्यासाठी ठीक. पण निंदण, वेचणी, सोंगणी ही कामे बसून किंवा वाकून होतात आणि त्यांचा मोठा भार स्त्रिया उचलतात. कारखान्यातल्या सपाट फरशीवर उभ्या राहणाऱ्या पुरुषासाठी आखलेला बूट त्यांना कसा चालेल?

आता जरा दूरचे उदाहरण घेतो, कारण प्रश्न तिथेही हाच होता. युरोप-अमेरिकेतल्या बर्फाळ डोंगरांत 'स्की-टूरिंग' नावाचा खेळ चालतो. पायाला लांब पट्ट्या बांधून आधी डोंगर चढायचा आणि मग बर्फावरून घसरत उतरायचे. त्यासाठी लागणाऱ्या बुटाची पंचाईत अशी की चढताना घोटा मोकळा हवा आणि बूट हलका हवा. उतरताना मात्र घोटा घट्ट जखडलेला हवा, नाहीतर तोल जाऊन पाय मोडायचा. एकाच बुटाकडून दोन उलट अपेक्षा! कारागिरांनी यावर उपाय शोधला: घोट्यामागे एक कुलूप, चढताना उघडे, उतरताना बंद. चढणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पावलाचा विचार करून तो बूट घडवला गेला.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. २०१५ साली एका इटालियन कंपनीच्या अशाच बुटातले कुलूप नीट बंद होत नाही आणि वापरणारा पडू शकतो असे लक्षात आले. बूट बाजारातून परत बोलावला गेला. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्याची जाहीर सूचना काढली. अशा सूचनेत साध्या भाषेत चार गोष्टी असतात: कोणते मॉडेल, दोष कोणता, त्याने काय इजा होऊ शकते आणि ग्राहकाने काय करायचे. हौसेने डोंगर उतरणाऱ्याच्या पायाची इतकी काळजी घेतली जाते. मग पोटासाठी चिखलात उतरणाऱ्या पायाची का नको?

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन केले आणि धोकादायक किंवा असुरक्षित वस्तू बाजारातून परत बोलावण्याचे, ग्राहकांना पैसे परत द्यायला लावण्याचे अधिकार त्याला दिले. याच कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचे वेगळे प्रकरण आहे आणि त्यात बनावटीतल्या दोषाबरोबर रचनेतला दोषही धरला आहे. उपजीविकेसाठी स्वतः वापरायला वस्तू घेणारा शेतकरी या कायद्याने ग्राहकच ठरतो. पादत्राणांसाठीचे गुणवत्ता नियंत्रण आदेश १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले असून त्यांत रबरी आणि पीव्हीसी बूटही येतात. मात्र लहान उद्योगांना त्यात सवलत आहे. त्यांचा व्यवसाय टिकावा हा हेतू समजण्यासारखा असला, तरी साप चावताना कारखान्याची उलाढाल विचारत नाही. निदान संरक्षक बुटांपुरती ही सवलत नसावी.

हा अधिकार वापरला गेल्याचे उदाहरण प्रेशर कुकरचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने ॲमेझॉनला आदेश दिला की मानकात न बसणारे २,२६५ कुकर घेतलेल्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या आणि पैसे परत करा. सोबत एक लाख रुपये दंडही ठोठावला. आदेशाला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण मुद्दा वेगळाच आहे. विकलेल्या कुकरचा आकडा २,२६५ असा नेमका कसा सांगता आला? खरेदी ऑनलाइन होती, प्रत्येकाचे नाव-पत्ता नोंदलेला होता म्हणून. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगातून बूट घेणाऱ्याचा पत्ता कोणाकडे असतो? ना पावती, ना बॅच क्रमांक, कधी कधी कंपनीचे नावही नाही. उद्या तो बूट सदोष ठरला तरी परत बोलावायचा कुणाला आणि कुठून? कायद्याचा हात जिथे संपतो, तिथूनच आमचे गाव सुरू होते.

यावर उपाय नाही असे नाही. तो आपल्याच सवयीत आहे. २०२० च्या खरिपात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही, तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला. ज्यांनी बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवली होती, त्यांची तक्रार भक्कम झाली. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. बियाण्याच्या पिशवीवर लॉट क्रमांक असतो, औषधाच्या बाटलीवर बॅच क्रमांक असतो. मग बुटावर, हातमोज्यांवर, मास्कवर तो ठळक का नसावा? कृषी केंद्राच्या पावतीवर तो का लिहू नये? आणि एखादा माल परत बोलावला गेला तर त्याची सूचना केवळ संकेतस्थळावर न राहता कृषी केंद्राच्या फलकावर, ग्रामपंचायतीत आणि आशाताईंच्या मार्फत घराघरांत पोहोचली पाहिजे.

दुसरी मागणी विद्यापीठांकडे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अवजारांची शेतात चाचणी घेते. तशीच चाचणी पायातल्या बुटाची व्हावी. वजन किती, गाळातून पाय सुटतो का, उकिडवे बसता येते का, आत घाम किती साचतो, आणि बाईच्या मापात मिळतो का? म्यानमारमध्ये सर्पदंश रोखण्यासाठीचे बूट शेतकऱ्यांना पसंत पडतात का याचा अभ्यास फार पूर्वी झाला आहे. वाण शोधताना आपण जमीन पाहतो. बूट शोधतानाही तेच करायचे आहे.

तिसरी मागणी अगदी छोटी, बिनखर्चाची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे राष्ट्रीय उद्दिष्टही ठरले आहे. या नोंदीत दवाखान्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: "दंश झाला तेव्हा पायात काय होते?" बूट होता का, असल्यास कुठला, दात आरपार गेला का, नसल्यास का नव्हता? दोन हंगामांत जी माहिती गोळा होईल, तिच्यावरून चांगला बूटही घडेल आणि वाईट बूट परतही जाईल.

हे सगळे होईपर्यंत आपण काय करायचे? बूट घेताना आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहा; 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो खरा की खोटा ते कळते. पावती मागा आणि बियाण्याच्या टॅगसोबतच ठेवा. दुपारनंतर, मोजे घालून माप घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पीव्हीसीचा बूट उन्हात वाळत टाकू नका. तो कडक होऊन तडकतो. पॉलियुरेथेनचा तळ तर नुसत्या दमट हवेने, न वापरताही, काही वर्षांत भुसभुशीत होतो. तडकलेला बूट घालून फवारणी करू नका. आत गेलेले औषध घामट कातडीला तासन्‌तास चिकटून राहते आणि जास्त शोषले जाते; असा बूट अनवाणी पायापेक्षाही वाईट. फवारताना पँट बुटाच्या बाहेर ठेवा, म्हणजे थेंब आत ओघळणार नाहीत. काम झाले की बूट आतून-बाहेरून धुऊन सावलीत वाळवा. बूट सदोष निघाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणि बूट असला तरी बॅटरी आणि काठी सोडू नका. घोणशीचे दात लांब असतात. कुठलाच बूट शंभर टक्के हमी देत नाही. दंश झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि थेट प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात जा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

निघताना त्या घरातल्या दादांना पावतीबद्दल विचारले. ती नव्हतीच. "बाजारात कोन देते पावती?" ते म्हणाले. बरोबरच होते त्यांचे. खुंटीवरची ती जोडी घालायची तर काम होत नाही आणि परत करायची तर दुकानदार सापडत नाही. पैसे मात्र गेलेले आहेत, आणि दादा उद्या सकाळी पुन्हा अनवाणीच वावरात जाणार आहेत. पुढच्या वेळी कुणी 'शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही' असे म्हणाले, तर त्यांना एवढेच विचारा: तुमचा बूट घालून तुम्ही स्वतः एक तास निंदायला बसाल का?