स्ट्रिंग कॉपी करण्याआधी जागा मोजा

सी शिकणाऱ्या मित्रांनो, स्ट्रिंग कॉपी करायची म्हटली की हात आपोआप स्ट्रकॉपीकडे जातो. हे फंक्शन शेवटचा शून्य बाइट मिळेपर्यंत लिहीत राहते. समोरच्या अ‍ॅरेत जागा किती, हे त्याला ठाऊक नसते आणि विचारायची सोयही नसते. जागा संपली, तर ते शेजारची मेमरी बिघडवते.

ही भीती पुस्तकी नाही. नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला. त्याची एक वाट होती गेट्स हे फंक्शन: 512 बाइटांच्या बफरमध्ये ते न मोजता वाचत होते. पुढे सी-11 मानकातून गेट्स काढले गेले. स्ट्रकॉपी मात्र आजही आहे, म्हणून मोजण्याची जबाबदारी आपली.

त्यावर उपाय म्हणून अनेक जण स्ट्र-एन-कॉपी सुचवतात. जुन्या युनिक्समधल्या ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठी ते योग्य होते. पण मूळ मजकूर दिलेल्या आकाराएवढा किंवा मोठा असेल, तर ते शेवटी शून्य बाइट ठेवतच नाही. वापरलेच, तर शेवटच्या घरात शून्य स्वतः लिहा.

माझा सल्ला एस-एन-प्रिंटएफचा. त्याला जागेचा आकार द्या, फॉरमॅट म्हणून परसेंट-एस द्या आणि मग मजकूर. बाहेरून आलेला मजकूर फॉरमॅटच्या जागी कधीही देऊ नका. परत आलेला आकडा तपासा: तो ऋण असेल तर चूक झाली, आकाराएवढा किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेला.

आकार देतानाही सावध राहा. अ‍ॅरे फंक्शनला दिला की तिथे पॉइंटर पोहोचतो. 64 बिटच्या नेहमीच्या संगणकावर त्याचा साइझऑफ 8 येतो. म्हणून आकार वेगळा पाठवा.

मराठी मजकुराला जागाही जास्त लागते. यूटीएफ-8 मध्ये ‘पुणे’ या शब्दाला 12 बाइट लागतात, शून्य धरून 13. अक्षरे मोजून अ‍ॅरे आखला, तर तो कमी पडेल. आणि कापताना अक्षर मध्येच तुटू शकते.

आजच आपल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये स्ट्रकॉपी शोधा. प्रत्येक ठिकाणी जागा किती आणि मजकूर जास्तीत जास्त केवढा, हे स्वतःला विचारा. उत्तर देता येत नसेल, तर ती ओळ बदला.