निरोगी आहात? मग तुमचीच माहिती हवी आहे

मोबाईलमुळे मेंदूत गाठ होते का, हा प्रश्न दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येतो. आजवरच्या अभ्यासांचं उत्तर आधी सांगते, मग तुमच्याकडे जे मागायचं आहे ते मागते. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. 1994 ते 2022 या काळातले 63 अभ्यास त्यात तपासले होते. मोबाईल वापरणाऱ्यांमध्ये मेंदूच्या कॅन्सरचा धोका वाढल्याचं दिसलं नाही, दहा वर्षांहून अधिक काळ वापरणाऱ्यांमध्येही नाही. तेव्हा या भीतीने कुणी झोप उडवून घेऊ नये.

मग 2011 साली बातम्या आल्या होत्या त्यांचं काय? फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्या वर्षी मोबाईलच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातलं, हे खरं आहे. पुरावा तोकडा आहे, पण शंका पुरती पुसताही येत नाही, अशा गोष्टींचा तो गट. तंबाखू आणि सुपारी त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, तिथे शंकेला जागाच उरलेली नाही. गालात तंबाखूचा बार धरून मोबाईलच्या लहरींची चौकशी करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हात जोडून सांगते, आधी तोंडातलं थुंका.

ती शंका इतकी वर्षं का रेंगाळली, यात आपल्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट आहे. ‘इंटरफोन’ नावाचा अभ्यास 13 देशांत झाला. 2000 ते 2004 या काळात मेंदूत गाठ निघालेल्या रुग्णांना, आणि त्याच वयाच्या, त्याच भागातल्या निरोगी माणसांना समोर बसवून प्रश्न विचारले. मोबाईल कधी घेतला, दिवसाला किती बोलायचात, कोणत्या कानाला लावायचात? ग्लायोमा या प्रकारच्या गाठीचे 2,708 रुग्ण त्यात होते. निकाल 2010 मध्ये आला आणि सगळे गोंधळले. नेहमी मोबाईल वापरणाऱ्यांना गाठीचा धोका न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे 19 टक्के कमी दिसत होता, जणू मोबाईल मेंदूचं रक्षणच करतो. आणि आयुष्यात एकूण 1,640 तासांहून जास्त बोललेल्या टोकाच्या गटात मात्र धोका 40 टक्के जास्त.

पहिला आकडा कुठून आला? निरोगी म्हणून ज्यांना बोलावलं, त्यांतल्या जेमतेम 53 टक्के लोकांनी होकार दिला. बाकीच्यांपैकी काहींना दोन-चार प्रश्न विचारले, तेव्हा कळलं की नकार देणाऱ्यांत मोबाईल न वापरणारे जास्त होते. त्यांना वाटलं असणार, मी आजारी नाही, माझ्याकडे मोबाईल नाही, माझा काय उपयोग? ते बाजूला राहिले आणि निरोगी गटात मोबाईलवाल्यांची गर्दी झाली. त्यामुळे रुग्णांमधला मोबाईलचा वापर आपोआप कमी भासला.

दुसऱ्या आकड्यामागे स्मरणशक्ती असू शकते. पाच वर्षांपूर्वी रोज किती मिनिटं बोलत होता, हे तुम्हाला आठवतंय का? उजव्या बाजूला गाठ निघालेला माणूस दिवसरात्र कारण शोधत असतो, त्याला ‘मी उजव्याच कानाला लावायचो’ हे पक्कं आठवतं. तो खोटं बोलत नाही. पण काहींनी दिवसाला पाच-पाच तासांवरचे आकडे सांगितले. कंपन्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर दिसलं की जास्त बोलणारे आपलं बोलणं आणखी वाढवून सांगतात. टोकाच्या गटातली ती वाढ खरी की आठवणीतली, हे त्या अभ्यासातून ठरवता आलं नाही.

म्हणून पुढे वाट बदलली. ‘कॉसमॉस’ या अभ्यासात युरोपातल्या निरोगी लोकांनाच आधी गाठलं, त्यांच्या संमतीने फोन कंपन्यांकडच्या नोंदी घेतल्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं. अडीच लाखांहून जास्त माणसं त्यात आहेत. 2024 मधल्या निकालात जास्त बोलणाऱ्यांत गाठी जास्त आढळल्या नाहीत. दहा ते चोवीस वयाच्या मुलांसाठी ‘मोबी-किड्स’ झाला, 14 देशांत, त्यात आपला भारतही होता. तुलनेसाठी त्यांनी कुणाला निवडलं असेल? अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली मुलं. फोनच्या सवयींबद्दल उत्तरं देणाऱ्या त्या मुलांचे आणि त्यांच्या आईबापांचे आपल्यावर उपकार आहेत. तिथेही धोका वाढलेला दिसला नाही.

माझं मागणं एवढंच आहे. आरोग्याच्या अभ्यासासाठी कुणी दारात आलं, तर ‘आमच्या घरी कुणी आजारी नाही’ म्हणून वाटेला लावू नका. निरोगी माणसाशिवाय तुलनाच होत नाही. आणि घरात कॅन्सर झाला असेल तर तो लपवू नका. मुलीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून आईच्या आजाराचं नाव बाहेर पडू न देणारी घरं आजही आहेत. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत 1963 साली सुरू झाली, आणि खेड्यांसाठीची पहिली आपल्या बार्शीत, 1987 साली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधतात, घरी वारलेल्यांचीही चौकशी करतात. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये मोबाईल घरोघरी पोचला तरी मेंदूच्या गाठी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, हे ठामपणे सांगता येतं, कारण तिथल्या रुग्णांच्या नोंदी दशकानुदशकं नीट ठेवल्या गेल्या आहेत.

तरीही काळजी वाटत असेल तर इयरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला. फोन डोक्यापासून वीतभर दूर गेला तरी डोक्यावरच्या लहरी खूपच घटतात. घाटात किंवा लिफ्टमध्ये रेंज कमी असताना फोन जास्त जोर लावतो, तिथे लांबलचक गप्पा टाळा. ‘रेडिएशन’ अडवणारे स्टिकर विकत घेऊ नका. गाडी चालवताना फोन घेऊ नका, त्यातला धोका कुणाला शोधावा लागत नाही. मुलांच्या डोक्याचं सीटी स्कॅन डॉक्टरांनी गरज आहे म्हटलं तरच करा आणि जुन्या फिल्म जपून ठेवा, म्हणजे पुन्हा करावं लागणार नाही. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण वापरतात, आणि त्यांच्या मोठ्या मात्रेने मेंदूत गाठी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर फोन बंद करून वाट बघत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

दारात येणाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे, फसवणूक रोज होते. ओळखपत्र मागा. मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मागा, अभ्यासाला कोणत्या नैतिकता समितीची मंजुरी आहे ते विचारा, आणि संस्थेचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन करून खात्री करा. खऱ्या संशोधकाला तुमचा ओटीपी, बँकेचा खाते क्रमांक किंवा पैसे लागत नाहीत. नको त्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा आणि मधेच थांबण्याचा तुम्हाला हक्क आहे. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच सांगा, अंदाजाने आकडा ठोकू नका. एकदा होकार दिलात, तर पत्ता किंवा नंबर बदलल्यावर त्यांना कळवा. असे अभ्यास दहा-पंधरा वर्षं चालतात, आणि मधेच संपर्क तुटलेली माणसं हेच त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान असतं.