शेजारी, पण अनोळखी

जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर सुमारे ३५ फूट लांबीचा एक मृत देवमासा लागला, तेव्हा तो पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. तो ब्राइड्स जातीचा होता. कलेवर वाळूत पुरले गेले आणि कुतूहलही त्याबरोबरच विरले. उपनगरांना देवमासा भेटतो तो असा, बहुधा मेल्यावरच.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांची अंगावरील ठिपक्यांवरून ओळख पटवून गणना होते. घाटकोपर-मुलुंडलगतच्या ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पश्चिमेच्या समुद्राविषयी मात्र अशी आस्था क्वचितच दिसते. वस्तुतः याच अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा, म्हणजे हंपबॅकचा, जगावेगळा समूह राहतो. नावात मासा असला तरी हा सस्तन प्राणी. मादी वर्षभराच्या सुमारास गर्भ वाहते आणि पिलाला दूध पाजते. शरीराच्या तृतीयांशाएवढे लांब पर आणि नरांचे दीर्घ गाणे ही त्याची वैशिष्ट्ये. शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. बिबट्याच्या ठिपक्यांप्रमाणे तिच्यावरून तो ओळखता येतो.

अन्यत्र ही जात ध्रुवीय थंड पाणी आणि उष्ण कटिबंध यांच्यामध्ये हजारो मैलांच्या वाऱ्या करते. अरबी समुद्रातील समूह तसे करीत नाही. पावसाळी वाऱ्यांमुळे तळाचे सकस पाणी वर येते, मासळी वाढते आणि त्याला येथेच अन्न मिळते. सुमारे ७०,००० वर्षे तो इतरांपासून अलग असल्याचे आनुवंशिक अभ्यास सांगतात. १९६६ च्या सुमारास सोव्हिएत ताफ्यांनी यांतील दोनशेहून अधिक देवमासे बेकायदा मारले. ओमानच्या किनाऱ्यावरील अंदाजात त्यांची संख्या शंभराच्या आतच भरली. हा समूह संपला, तर त्याची जागा घेण्यास दुसरा येणार नाही.

हे दुखणे ओमानचे, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रहयंत्र लावलेली ‘लुबान’ ही मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याशी आली आणि पुढे दक्षिणेकडे गेली. गोव्याच्या ग्रांद बेटाजवळ या जातीचे गाणेही टिपले गेले आहे.

जाळी आणि जहाजांची धडक हे त्यांच्यापुढील मोठे धोके आहेत. १९७२ च्या कायद्याने देवमाशांना संरक्षण मिळाले. परंतु भर समुद्रात कायद्याचे डोळे म्हणजे वेसावे, मढ, गोराईचे कोळी बांधवच होत. संरक्षित प्राण्याच्या सुटकेसाठी जाळे कापणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली, हे स्तुत्य आहे. परंतु मोठ्या जाळ्याचे मोल त्याहून पुष्कळ अधिक असते. भरपाई नुकसानीच्या प्रमाणात आणि विनाविलंब मिळाली पाहिजे. देवमासा दिसल्याची वर्दी देणाऱ्या नाखव्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा न लागता त्याच्या माहितीची शास्त्रीय नोंद झाली पाहिजे. मेलेल्या देवमाशाभोवती गर्दी करण्यास काही लागत नाही. जिवंत देवमाशाचा शेजार टिकवावयाचा, तर त्याची किंमत एकट्या कोळ्याच्या माथी मारून चालणार नाही.