कान उघडे, आवाज मोठा

कानात बोळा न कोंबता गाणी ऐकवणारे ‘ओपन इअर’ इअरबड सध्या जोरात आहेत. सोनीने 2022 साली ‘लिंकबड्स’च्या स्पीकरला मधोमध चक्क भोक ठेवले, तर 2024 साली बोसने कानाच्या कडेला डुलासारखे अडकणारे बड काढले. कल्पना चांगलीच आहे. गाणी चालू असताना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, दारावरची बेल चुकत नाही, पावसाळ्यात कान आतून घामेजत नाहीत. फोनवर बोलताना आपलाच आवाज डोक्यात घुमत नाही, हे सुख तर निराळेच.

पण कान मोकळा ठेवण्याची किंमत संगीत मोजते. खर्जाला बंद पोकळी लागते. कानाचे भोक बुचाने बंद झाले की आतल्या एवढ्याशा हवेवर दाब येतो आणि डग्गा घुमतो. इथे बूचच नसल्यामुळे तो दाब बाहेर निसटतो. तबल्याची चाट खणखणीत ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा मात्र शोधावा लागतो. कंपन्या मोठा स्पीकर बसवून भरपाई करतात, ती काही अंशीच होते.

खरी अडचण गर्दीच्या लोकलमध्ये कळते. बाहेरचा गोंगाट जसाच्या तसा आत येतो, म्हणून आपण आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासच सोसावा. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 89 डेसिबलला उरतात पाच तास. म्हणजे कानाला आराम म्हणून घेतलेली वस्तू, आणि ताण कानालाच! शिवाय चढवलेला आवाज बाहेरही झिरपतो. तो मारण्यासाठी काही बड मागच्या बाजूने उलटा ध्वनी सोडतात; तरी शेजारच्याला आपली लावणी पुसटशी ऐकू जातेच.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. तेवढ्यात हे बड उत्तम चालतात. पहाटे टेकडीवर फिरायला जाणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. सिग्नलला हॉर्नच्या कोंडाळ्यात उभ्या राहणाऱ्याने दुकानात नव्हे, दुकानाबाहेरच्या फुटपाथवर लावून पाहावेत आणि मगच पैसे मोजावेत.