डबीतला मासा

हल्ली ऑफिसातल्या कुणाचाही ड्रॉवर उघडा. मोबाइलचा चार्जर, ग्रीन टीची पाकिटं, डोकेदुखीच्या दोन गोळ्या आणि त्यांच्या शेजारी एक गलेलठ्ठ डबी. आत मधाच्या रंगाच्या, चकचकीत कॅप्सूल्स. फिश ऑइल! कुणी जिमच्या ट्रेनरने सांगितलं म्हणून घेतं, कुणी केस गळतात म्हणून. आणि बाकीचे सगळे ‘हार्टसाठी चांगलं असतं ना यार’ म्हणून. आज या तिसऱ्या कारणाबद्दल बोलू या. केसांचं एक वेळ बघून घेता येतं, हार्टचा मामला जरा सीरियस आहे.

हे सगळं सुरू झालं ग्रीनलंडमधून. १९७०च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासायला गेले. सील, व्हेल, मासे असं चरबीदार खाणारी ही मंडळी, पण रक्तातली चरबी मात्र कमी! श्रेय मिळालं ओमेगा-३ला, म्हणजे ईपीए आणि डीएचए या दोन फॅटी अॅसिड्सना. झालं, ‘मासे खाणाऱ्यांना अटॅक येत नाही’ ही गोष्ट जगभर फिरली. गंमत अशी की, तिथे हृदयविकार नेमका किती आहे हे या दोघांनी स्वतः मोजलंच नव्हतं. कॅनडातल्या संशोधकांनी जुनी माहिती पुन्हा तपासून २०१४ साली हे दाखवून दिलं.

मग सगळ्या थापाच का? तसंही नाही. १९९९ साली इटलीत, अटॅक येऊन गेलेल्या ११ हजारांहून जास्त पेशंट्सवर झालेल्या प्रयोगात रोज सुमारे एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. डबीवाल्यांना आणखी काय हवं! पण ते सगळे आधीच आजारी असलेले लोक होते. तुमच्या-आमच्यासारख्या धडधाकट माणसांचं काय?

त्याचं उत्तर २०१८ साली आलं. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या प्रयोगात २५,८७१ माणसं होती, पन्नाशीच्या आसपासची आणि पुढची. ब्रिटनमधल्या ‘असेंड’मध्ये १५,४८० डायबेटिसवाले. दोन्हीकडे निम्म्या लोकांना रोज एक ग्रॅमची कॅप्सूल, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी. काही वर्षांनी हिशेब मांडला तर अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू हे सगळं धरून दोन गटांत दखल घ्यावी असा फरक नाही. ‘व्हायटल’मध्ये फक्त हार्ट अटॅक वेगळे मोजले तेव्हा ते थोडे कमी दिसले, विशेषतः ज्यांच्या ताटात मासा फारसा नसतो त्यांच्यात. पण तो प्रयोगाचा मुख्य निकाल नव्हता.

आता जरा डबी उलटी करून बघा. पुढे ठसठशीत ‘१००० एमजी’. मागे बारीक अक्षरांत बऱ्याचदा ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचा माल ३००, बाकी नुसतं तेल. ‘मग तीन-चार खाऊ’ असा हिशेब करू नका. मोठा डोस ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेल्या पेशंटला डॉक्टर देतात, तो औषध म्हणून. अशा मोठ्या डोसांमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशनचा धोका वाढतो, हेही आता माहीत झालंय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता डबी उघडूच नका. आणि आपल्या लहानपणीच्या त्या कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या वेगळ्या बरं का. त्या माशाच्या लिव्हरच्या तेलाच्या, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. त्या मूठभर खाल्ल्या तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन त्रास व्हायचा.

पण मला खरी काळजी तेलाची वाटत नाही. माझा एक मित्र आहे, ३१ वर्षांचा, आयटीवाला. वडिलांना ४८व्या वर्षी अटॅक आला होता. हा दोन वर्षं नेमाने कॅप्सूल घेतोय. परवा सहज विचारलं, कोलेस्टेरॉल किती आहे तुझं? म्हणाला, ‘‘अगं, कधी केलंच नाही. फिश ऑइल घेतो ना मी!’’ बीपी? तेही ठाऊक नाही. रात्री दीडला झोपतो, कॉलच्या मधल्या वेळात खाली जाऊन सिगरेट ओढतो. भारतीयांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, आणि याच्या तर घरातच तो आहे. त्याने सर्वांत आधी जी टेस्ट करायला हवी, ती या डबीमुळे दोन वर्षं राहून गेलीय. कॅप्सूलने त्याला काही अपाय केला नसेल, पण ‘आपण काहीतरी करतोय’ असं समाधान मात्र दिलं. ते महागात पडू शकतं.

मासे खात असाल तर आपलं नशीब थोर आहे. सामनच्या नावाने उसासे टाकायची गरज नाही. आपला बांगडा आणि तारली ओमेगा-३च्या बाबतीत मुळीच कमी नाहीत, आणि सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्तही. आठवड्यातून दोनदा मासे खा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनही सांगते. फक्त दर वेळी रवा लावून तळू नका, तिखलं करा, कालवण करा. शाकाहारी मंडळींनी जवसाची चटणी, अक्रोड जरूर खावेत. त्यातल्या ओमेगा-३चं ईपीए-डीएचएमध्ये फार थोडंच रूपांतर होतं, पण एकूण आहार म्हणून ते छानच. कॅप्सूल हवीच असेल तर शेवाळापासून केलेली मिळते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं तर कवचही बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासून आलेलं असतं.

तेव्हा या महिन्यात डबीचे पैसे बाजूला ठेवा आणि एका सकाळी लॅबमध्ये जाऊन लिपिड प्रोफाइल आणि शुगर करून घ्या. बीपी कुठलाही फॅमिली डॉक्टर पाच मिनिटांत बघून देतो. घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर तेही त्याला सांगा. फिश ऑइल घेऊ का, हे तेव्हाच विचारा. फक्त जाताना हातात रिपोर्ट असू दे.